बटणांच्या क्रमाने

हवल्लीत, दुकानांच्या मागच्या गल्लीत
बू मिशअलच्या घराखाली तळघर आहे.
गुरुवारी रात्री तिथे आम्ही सातजण जमतो,
कधी पाच.
राळेचा धूर, वेलची घातलेली कडू कॉफी,
पिवळं प्लास्टिक पांढरं करायला
गस्साननं सॅलूनमधून आणलेलं केसांचं औषध
आणि मधोमध तो, सख्र,
साफ करायला घेतलेल्या सुरमईसारखा उघडा.

सख्र म्हणजे खडक.
कंपनीनं तो बनवणं सोडलं त्याला तीस वर्षं होऊन गेली.
बुधलच्या खडकाला कालवं चिकटतात,
कोयतीनं खरवडली तरी मागे कडा राहते,
तशी ही माणसं.
लिगाया रात्रपाळी बदलून येते,
थंकप्पन अहमदीहून दोन बस बदलून,
फुगलेला एक कपॅसिटर बदलायला.

मी याला आधी पाहिला तो शोरूममध्ये.
मला तेव्हा फर्राश म्हणत.
मला वाटायचं, फरशीवरून असेल.
फरशी झाली की काचा, काचा झाल्या की हे बारा कॉम्प्युटर,
पिवळ्या फडक्यानं, रोज, एकेक बटण.
हात लावायची परवानगी नव्हती,
फडकं लावायची होती.
अरबी अक्षरं मी अशी शिकलो,
धूळ बसते त्या क्रमाने.
आजही कुणी अलिफ, बे म्हणायला सांगितलं
की तिसऱ्यावर अडखळतो.
बटणांच्या रांगेनं विचारा,
झोपेत सांगेन.

मग नव्वदचा ऑगस्ट. शोरूमची काच फुटली.
अम्मानमार्गे घरी पोचलो,
पिशवीत ते फडकं होतं.
का आणलं, विचारू नका.
बायकोनं त्यानं कंदिलाची काच पुसली
आणि म्हणाली, एवढंच आणलंत?

आज गस्साननं कॅसेट आणलीय,
स्वतःच्या तेराव्या वर्षाची.
लेबलावर त्याचंच अक्षर. आत काय आहे, आठवत नाही.
चार गुरुवार ती निम्म्यात अडते,
निळ्या पडद्यावर एक ओळ: चूक झाली.
मी टेपच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवतो.
पुन्हा तो आवाज, बरणीत कोंडलेले रातकिडे.
कुणी बोलत नाही. बू मिशअल माळेचे मणीसुद्धा थांबवतो.
त्याची नात, अकरा वर्षांची, नाव दलाल
(मराठीत याचा अर्थ काय, ते मी तिला कधी सांगितलेलं नाही)
टेबलाखालून वर येते.

लागलं.

पडद्यावर प्रश्न: तुझं नाव काय?
गस्सान टाइप करतो. एंटर.
पुन्हा प्रश्न: तुझं नाव काय?
एवढंच. पुढे काही नाही.
तेराव्या वर्षी त्याला तेवढंच येत होतं.
तो हसायला लागतो, मग चष्मा काढून पुसतो,
बराच वेळ पुसतो.

मग सगळेच आपापलं नाव घालतात.
लिगाया, थंकप्पन, दलाल दोनदा.
माझी पाळी येते.
सदतीस वर्षांत बटणावर माझं बोट, मध्ये फडकं नसताना,
दुरुस्तीशिवाय पडलेलं नाही.
खाली बघावं लागत नाही. बोटं जातात.
पण पहिलंच अक्षर नाही.
परशुराममधला प या खडकावर कुठेच नाही.
माझ्या इकाम्यावर लिहिलंय तेच लिहितो: बरशराम.
एंटर.

तुझं नाव काय?

विचारतोस तर विचार बाबा,
मार्चपर्यंत आहे मी इथे.

दलाल माझ्या शेजारची खुर्ची ओढते.
डावखुरी आहे. सोल्डरिंग उलट्या हातानं करते,
पण टाका नीट बसतो.
"चुकलं वाटतं तुझं," ती म्हणते,
"परत घाल."